तीन पानांत न मावलेला दोरा

माझ्या वडिलांना अख्खी गल्ली खटपट्या म्हणायची. आता तीच गल्ली हळहळते, ‘बिचारे’ म्हणते. तो शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बाबा कुलपं दुरुस्त करायचे. शिक्षण अक्षरओळखीपुरतं. रद्दीत आलेल्या एका फाटक्या पुस्तकावरून त्यांनी विजेचा नाद लावून घेतला. दुकानामागच्या खोलीत तेजाबाच्या बारा बरण्या मांडल्या, आणि घरात भोकं न पडलेला कपडा उरला नाही. बरण्यांतली वीज लोखंडाभोवतीच्या तारेतून सोडली की लोखंड चुंबक होतं, बंद केली की चुंबकपणा जातो. एवढ्यावर हाताशिवाय, वाफेशिवाय चाक फिरवायचं, हा त्यांचा ध्यास होता.

वर्षभर चाक हललं नाही. उघड्या तारांचे वेढे एकमेकांना टेकायचे आणि वीज वेढे घेण्याऐवजी आडवाटेने पळायची. एकदा आई भाकरीचं पीठ मळता मळता म्हणाली, “बरण्या आणताना मधे कापड घालता ना, तसं तारांच्या मधे घाला की काहीतरी.”

झालं. जुन्या चादरी उसवून आम्ही दोघी तारेवर दोरा गुंडाळत बसलो. वर मेण. दोन हिवाळे गेले, बोटांची टोकं फाटली. यंत्र दिसायला चिंध्यांचं गाठोडं, पण चाक फिरलं. त्यावर बाबांनी किल्ली घासून दाखवली तेव्हा आई आधी रडली आणि मग हसत सुटली.

शहरातल्या विद्वानांच्या मंडळाने शिक्का दिला तर यंत्र विकता येणार होतं आणि खटपट्या हे नाव पुसलं जाणार होतं. बाबांनी तीन पानं माहिती सांगितली, मी ती सुवाच्य अक्षरात उतरवली. लोखंड, तांबं, तेजाब, सगळं आलं. मी विचारलं, “दोऱ्याचं काय लिहू?”

“ते बायकांचं काम. त्यात शास्त्र कसलं?”

मी दोरा न लिहिताच कागद मिटला. त्याबद्दल मला आजही स्वतःचा राग येतो.

मंडळाने यंत्र आठ दिवस आधी मागवून घेतलं. मोठी माणसं बघायला येणार, तर ही घाण कशी ठेवायची? त्यांच्या कारागिराने मेण खरवडलं, दोरा काढून फेकला, तारा लख्ख घासल्या आणि पुन्हा सुबक गुंडाळल्या. कागदात दोऱ्याचं नावच नव्हतं, मग त्याला तरी काय दोष द्यायचा? विद्वानांना मात्र मी सोडणार नाही. यंत्र दाखवायच्या दिवशी बाबा ओरडून सांगत होते, “त्या चिंध्या परत लावा, चालेल.” तेव्हा ते विद्वान तोंडावर रुमाल धरून हसत होते. चाक तसूभरही हललं नाही. यंत्र त्यांनी ठेवून घेतलं, नमुना म्हणून.

घरी येऊन बाबांनी नवी तार आईपुढे ठेवली. “पुन्हा गुंडाळ.”

आईने तार हातात घेतली नाही. “तीन पानांत जागा नव्हती ना? आता मला वेळ नाही.”

बाबांनी स्वतः करून पाहिलं. कुलूप उघडणारी ती बोटं दोऱ्यात गुरफटून जायची. मी मदत करू शकले असते. आईकडे पाहिलं आणि केली नाही. मरेपर्यंत त्यांनी दुसरं यंत्र केलं नाही, आणि मला दोघांचाही राग येतो, आणि दोघांची आठवणही येते.

यंत्र अजून मंडळाच्या दालनात आहे, काचेच्या कपाटात, चकचकीत. परवा मी गेले होते. खाली पाटी आहे: ‘एका कुलूपवाल्याने बनवलेले यंत्र. चालत नाही.’

मी तिथल्या शिपायाला म्हटलं, “पाटीवर दोन चुका आहेत.”

“कोणत्या, आजी?”

“हे चालत होतं. आणि एकट्याने बनवलेलं नाही.”

तो म्हणाला, काचेला हात लावू नका, डाग पडतात.