धोंडबा आचारी पुन्हा काठमांडूला जातो

नागपूरच्या नंदनवन वस्तीत धोंडबा आचाऱ्याचं घर कुणाला विचारावं लागत नाही. गल्लीतून कुणीही जावो, टपालवाला असो की भंगारवाला, ज्या ओट्यावरून हमखास "जेवण झालं का गा?" अशी हाक येते, ते घर त्याचं. सत्तरी उलटली, हातातला झारा सुटला, पण ही सवय काही सुटली नाही. त्याला स्वतःला मात्र हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आचाऱ्याला काय विचारायचं?

तरुणपणी तो बौद्ध स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या बसवर आचारी होता. नागपूरची यात्रा निघाली की माणसांच्या आधी बसमध्ये तांदूळ, तुरीची डाळ, तिखटाचे डबे आणि पातेली चढायची. परमुलखातलं गोडं वरण आपल्याला सोसत नाही, असं यात्रेकरूंचं ठाम मत. बोधगया, कुशीनगर, लुंबिनी करत बस शेवटी काठमांडूला पोचायची. मंडळी स्तूप पाहायला निघाली की धोंडबा धर्मशाळेच्या अंगणात कांदे चिरायला बसायचा.

त्याच रस्त्यावर एक कॅसिनो होता. दिव्यांनी लखलखणारा, दारात उंचापुरा दरवान. एका खेपेला त्यानं धोंडबाला पायजमा पाहून परत पाठवलं, दुसऱ्या खेपेला चपला पाहून. तिसऱ्या खेपेला पठ्ठ्या ड्रायव्हरची पँट आणि बूट मागून दारापर्यंत गेला, तर मागून हाक आली, "ओ धोंडबा, चहा कुठी हाये?" झालं, स्वारी परत चुलीपाशी. तेव्हापासून त्याच्या मनात एकच गोष्ट ठाण मांडून बसली होती. एकदा त्या दारातून पाहुण्यासारखं आत जायचं.

यंदा बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या अस्मितानं, त्याच्या नातीनं, आजी-आजोबांना काठमांडूला न्यायचं ठरवलं. धोंडबाची बायको भीमाबाई स्तूपांसाठी लगेच तयार झाली, पण कॅसिनोचं नाव निघताच बिघडलं.

"धम्मात जुगार बसते का?"

"पंचशीलात पत्त्याचं नाव दाखव मले."

"दारूचं तं हाये ना? तिथं फुकट वाटतात म्हणते."

"मी पाणी पिईन वं! खेळाचंही नाही. फक्त आत जाऊन पाहाचं हाये."

तर काठमांडूत स्तूप झाले, वंदना झाली, आणि संध्याकाळी धोंडबा सफारी सूट घालून त्या दारासमोर उभा राहिला. दरवान आता दुसराच, नातवाच्या वयाचा. त्यानं ओळखपत्र पाहिलं आणि कडक सलाम ठोकला, "आइये बाबूजी." इतक्या वर्षांचं भांडण मनात घोकून आलेला धोंडबा गडबडला. कुणी विचारलं नव्हतं तरी त्यानं पाय पुढे करून दाखवला. "बूट हैं."

आत यंत्रं किणकिणत होती, माणसं पत्त्यांत डोकं घालून बसली होती. "याच्याहून जास्त लायटिंग तं आपल्या लग्नाच्या हॉलमधी राहते," भीमाबाई म्हणाली. पण धोंडबाचं लक्ष केव्हाच जेवणाच्या टेबलांकडे गेलं होतं. समोर भरलेलं ताट आलं, तरी त्याचा हात पुढे जाईना. इतके लोक जेवायचे आहेत, आपण आधी कसं बसायचं? तो उठला आणि शेजारच्या टेबलापाशी जाऊन विचारू लागला, "खाना बराबर है ना?" एका हरलेल्या शेठजीनं वर न बघता फर्मावलं, "भैया, दो रोटी लाना." आणि हा भला माणूस खरंच रोट्या आणायला निघाला!

भीमाबाईनं त्याचं मनगट धरलं. "अजी, बसा खाली. इतक्यांदा या गावात आले, एकदा तरी बसून जेवले का? जेवा आता. मी पाहून राहिली."

धोंडबा बसला. गरम रोटीचा पहिला घास घेतला. पातेल्याच्या बुडाशी उरलेलं, उभ्यानं खाल्लेलं सगळं जेवण त्याला आठवलं. मग मात्र तो पोटभर जेवला, खीर दोनदा मागून घेतली, आणि हात धुऊन येतो म्हणून गेला.

बराच वेळ झाला तरी परतेना. अस्मिता घाबरली. भीमाबाई उठली आणि सरळ स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी गेली.

तिथे एक म्हातारा नेपाळी आचारी उलट्या टोपल्यावर बसून वरणभात जेवत होता. सफारीच्या बाह्या वर सारून, बूट एका कोपऱ्यात काढून ठेवून धोंडबा तव्यावरची रोटी उलटत होता.

"आबाजी, हे काय? टॅक्सी आली ना!" अस्मिता म्हणाली.

"यानं सकाळपासून काही खाल्लं नाही वं माय," धोंडबा म्हणाला. "मी विचारलं म्हणून समजलं. याचं होऊ दे, मग निघू."

भीमाबाईनं पदर खोचला आणि पोळपाट पुढे ओढला.