पाठ झालेला तक्ता

थ्रीडी सिनेमाची हौस माझीच. लेक अकरा वर्षांची, सुट्टी लागलेली, म्हटलं चला. सात रस्त्याहून रिक्षा केली. दारात दोघींना काळे चष्मे मिळाले. पडद्यावरचा पहिला मासा अंगावर आला तशी मी चक्क किंचाळले. सगळं थिएटर हवेतले मासे धरायला हात पुढे करत होतं, आणि माझी लेक हाताची घडी घालून बसलेली.

"अगं, धर की!"

"काय धरू? पडद्यावरच आहेत की ते."

मला रागच आला. या पोरीला कशाचं म्हणून कौतुक नाही! चष्मा खराब असेल म्हणून माझा तिला दिला, तिचा मी लावला. मासे पुन्हा माझ्या नाकाशी. मग सहज एक डोळा मिटला, तर मासे झटकन मागे जाऊन पडद्याला चिकटले. उघडला, की पुढे. म्हणजे लेक एकाच डोळ्यानं बघत होती की काय?

दुसऱ्याच दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिचा डावा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. तिनं धडाधड म्हटलं, "ग, प, म, र, त."

"बाळ, ही अक्षरं इथं नाहीतच," डॉक्टर म्हणाले.

ती अक्षरं कुठली, हे त्या खोलीत फक्त आम्हा मायलेकींना ठाऊक होतं.

मी मोडनिंबकडच्या एका शाळेत शिक्षिका. दर जूनमध्ये पोरांचे डोळे आम्हीच आधी तपासायचो. शाळेत उंदीर कुरतडतात म्हणून तो तपासणीचा तक्ता मी भवानी पेठेतल्या आमच्या घरी दाराआड टांगून ठेवलेला. शाळेत न्यायच्या आधी घरी लेकीवर एक फेरी व्हायची. अडखळलेलं मला मुळीच खपत नाही. "चटकन म्हण, चटकन!" आणि ती चटकन म्हणायची. मी तिच्या पाठीवर थाप मारायचे. वर्गातल्या किती पोरांना मी चष्मे लावून दिले, गावभर त्याचं कौतुक झालं.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्या चष्म्याच्या दोन काचा दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं देतात, एकमेकांपासून जराशी सरकलेली. मेंदू ती जुळवतो आणि सपाट पडद्याला खोली येते. हिच्या मेंदूनं उजव्या डोळ्याचं चित्र घेणं कधीच सोडून दिलंय. पाचव्या-सहाव्या वर्षी आणलं असतं, तर बरंच हाती लागलं असतं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "दिसत नव्हतं तर सांगितलं का नाहीस गं?"

"डावा डोळा झाकला की अक्षरं धुरकट व्हायची. पण मला पाठ होती की. आणि तू खूश व्हायचीस."

उजव्या डोळ्यानं कामाला लागावं म्हणून वर्षभर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली. पोर भिंतीला धडकत, रडत शाळेत गेली. काही उपयोग झाला नाही. इतरांच्या लेकरांचे डोळे शोधत फिरले आणि स्वतःच्या पोरीचा डोळा माझ्याच घरात, माझ्याच दाराआड गेला. याला माफी नाही. मी मागतही नाही.

आता ती कॉलेजात आहे. चहा ओतताना किटलीचं तोंड आधी कपाच्या काठाला टेकवते, मगच ओतते. परवा पाहुणे आले होते, घाईत टेकवायचं राहिलं आणि चहा बशीत सांडला.

"अगं, बघून ओत की!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"हो आई," ती म्हणाली. अगदी चटकन.