कल्हई, कलाई आणि आबांची पळी

फोन आला तेव्हा मी सुरतेजवळच्या कामरेजच्या एका बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरच्या बेअरिंगवर वाकले होते. शाफ्टला निळा रंग लावायचा, तो बेअरिंगमध्ये टेकवून फिरवायचा आणि जिथे निळा डाग उमटेल तिथला धातू खरवडून काढायचा, हे आमचं काम. आई एवढंच म्हणाली, "घर ये वं माय... लवकर ये." पुढे विचारण्यासारखं काही नव्हतंच. नवागामच्या घरापर्यंतचा रस्ता कसा संपला ते मला आठवत नाही. हात धुवायचे राहिले. आबांच्या तोंडात पाणी घातलं ते निळ्या बोटांनी. पाहुण्यांतल्या कुणीतरी हळूच विचारलं, पोरीच्या हाताला काय झालं? आबा असते तर त्यांनी त्या पाहुण्याला शाफ्टपासून सुरुवात करून सगळं बेअरिंग समजावलं असतं, आणि पाहुणा चहा न पिताच पळाला असता.

माझे वडील, ज्यांना आम्ही आणि निम्मं नवागाम आबा म्हणायचं, अंमळनेरकडच्या एका खेड्यातून सुरतेत लूमवर कामाला आले. लूमच्या खडखडाटात त्यांचा जीव रमला नाही. बेअरिंग भरणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ते शिकले आणि मग सुरतेबाहेरच्या सचिन या गावाच्या रस्त्यावर त्यांनी स्वतःचा गाळा घेतला. गुणी कारागीर म्हटलं की लोकांना अबोल, साधा माणूस डोळ्यांसमोर येतो. आबा तसे अजिबात नव्हते. भट्टीपुढेही त्यांना इस्त्रीचा शर्ट लागायचा, मिशीला रोज कंगवा लागायचा आणि आपलं कौतुक दुसऱ्याने करायला उशीर केला तर ते स्वतःच सुरू करायचे. पण काम बघितल्यावर त्यांची फुशारकी खपून जायची.

फिरणाऱ्या शाफ्टच्या खाली मऊ, पांढरट धातूचा एक थर असतो, त्याला सगळे व्हाइट मेटल म्हणतात. झिजायचं ते त्याने, शाफ्टने नाही. पण नाव एक असलं तरी हा धातू एकच नसतो. कथील जास्त आणि त्यात थोडं अँटिमनी, थोडं तांबं असलेला प्रकार वेगाने फिरणाऱ्या, भार ओढणाऱ्या मशीनला लागतो. शिसं जास्त असलेला प्रकार सावकाश चालणाऱ्या, हलक्या कामाला चांगला. दिसायला दोन्ही सारखेच पांढरे, आणि त्यातच आबांची एकदा फजिती झाली.

तेव्हा गाळा नवा होता. सचिनच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यातून मोठ्या पंख्याचं बेअरिंग आलं. तिथला मॅनेजर म्हणाला, "कलाई भरजो, भाई." आता गुजरातीत कलाई म्हणजे कथील. पण आबांच्या खानदेशी कानाला ती ऐकू आली कल्हई! भांड्याला करतात तशी. आणि गंमत म्हणजे बेअरिंगलाही कल्हई करावीच लागते, त्याशिवाय आतला धातू बाहेरच्या कवचाला धरत नाही. आबांना वाटलं, हे काय सांगणं झालं, मी काय कल्हईशिवाय भरणार आहे? त्यांनी अशी सुंदर कल्हई केली की तोंड दिसावं, आणि तिच्यावर तेलघाण्यांसाठी वापरायचे तो शिशाचा धातू भरून दिला. पंखा थोडे दिवस फिरला, मग बेअरिंग तापलं, धातू वितळून वाहिला आणि शाफ्टवर चरे पडले. मॅनेजर गाळ्यात येऊन ओरडला, "कलाई कीधेलुं ने!" म्हणजे, कलाई सांगितली होती ना! आबा त्याहून मोठ्याने ओरडले, "केली ना कल्हई!" दोघंही खरंच बोलत होते. आबा हा किस्सा सांगताना शेवटी स्वतःच पोट धरून हसायचे. आई मात्र हसायची नाही. तो मॅनेजर पुन्हा काम घेऊन येईपर्यंत आबा धड जेवले नव्हते, हे तिने पाहिलं होतं.

त्यानंतर धातूचं नाव कुणाच्या तोंडून ऐकून घ्यायचं नाही, हा आबांचा नेम झाला. गिऱ्हाईक म्हणालं, उंची माल भरा, की आबा हात वर करून त्याला थांबवायचे. मशीन किती जोरात फिरते? भार सारखा येतो की धक्के बसतात? दिवसातून कितीदा बंद-चालू होते? तेल कोण घालतं, आणि तो सुट्टीवर गेला की कोण घालतं? हे सगळं झाल्यावरच ते कथील की शिसं ते ठरवायचे. शिशाला नावं ठेवलेली त्यांना चालायची नाहीत. "शाफ्ट जरा वाकडा असो, तेलात कचरा असो, शिसं सांभाळून घेतं," असं ते घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गाळ्यावर जायला लागले. आबांनी मला खरवडायला शिकवलं, प्रश्न विचारायला शिकवलं, गिऱ्हाइकांशी माझ्या गुजरातीत बोलू दिलं. फक्त पळी दिली नाही. वितळलेला धातू पळीने साच्यात ओततात, तो एका धारेत ओतावा लागतो. मध्ये हात अडखळला की आत सांधा राहतो आणि सगळं भरण वाया जातं. मी कितीदा मागितली असेल! दर वेळी "पुढच्या खेपेला." एका लग्नात नातेवाइकांसमोर म्हणाले, पोरगी हिशोबाचं बघते, भरायचं मी बघतो. मला ते फार लागलं. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांना तो राग कळलाही नाही, याचा आणखी राग आला.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. भट्टी बंद पडली. गिऱ्हाइकं चौकशीला यायची, हळहळायची आणि आपलं बेअरिंग घेऊन दुसरीकडे जायची. आईने विचारलं, गाळा देऊन टाकायचा का? आता मी भरलं तर गाळा राहणार होता, नाहीतर नाही. आणि मी आयुष्यात एकदाही धार धरली नव्हती.

तशातच त्याच सचिनच्या कारखान्यातून बेअरिंग आलं. मॅनेजर आता दुसरा होता, पंखाही नवा. मी ते ठेवून घेतलं आणि घरी येऊन आबांना विचारलं, "कथील की शिसं?" ते बराच वेळ ओठ जुळवत राहिले. मग म्हणाले, "माले काय इचारस... मशीन कशी चालस, ते सांग." मी सांगत गेले. वेग, भार, दिवसभर न थांबता चालणं, तिथल्या भट्टीजवळची गरम हवा... सांगता सांगता उत्तर माझ्याच तोंडून आलं, "कथील." त्यांनी डोळे मिटून घेतले.

भरायच्या दिवशी आई त्यांना रिक्षातून गाळ्यावर घेऊन आली. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, अगदी भट्टीसमोर. धातू वितळला, मी लाकडाची काडी बुडवून पाहिली, ती तपकिरी झाली, म्हणजे ताप बरोबर होता. पळी उचलणार, तोच आबांनी डाव्या हाताने आईला खूण केली. खुर्ची फिरव. आईने ती भिंतीकडे फिरवली आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले. माझ्या अंगाचा भडका उडाला. एवढंही बघवत नाही? झटक्याने हात गेला, पण अहंकार जागचा हलला नाही म्हणायचा! त्या संतापातच मी पळी उचलली आणि साचा भरेपर्यंत हात थांबू दिला नाही. गार झाल्यावर बेअरिंगवर हातोडीचा हलका ठोका मारला. धातूने नीट धरलं नसेल तर आवाज बद्द येतो. हा खणखणीत आला, सगळ्या गाळ्यात घुमला. आबांचं डोकं भिंतीकडे बघतच एकदा हललं. मी त्यांना काहीच विचारलं नाही. मी अजून रागात होते.

त्यानंतर पावसाळा संपायच्या आत ते गेले.

दशक्रिया झाल्यावर आईजवळ मी ते बोलून दाखवलं. म्हटलं, शेवटपर्यंत त्यांनी माझ्या हातात पळी बघितली नाही. आई चकित झाली. म्हणाली, "येडी शे का तू? रिक्षामा मालेच सांगे ना त्या. मी समोर ऱ्हायनू ते पोर मन्हाकडे दखी, बरोबर शे का म्हणी... आनि धार तुटी जाई."

म्हणजे मी त्यांच्याकडे बघेन आणि धार तुटेल, म्हणून त्यांनी पाठ फिरवली होती. आईच्या त्या वाक्यावर मी जशी रडले तशी अंत्ययात्रेतही रडले नव्हते.

ती खुर्ची गाळ्यात तशीच आहे. गिऱ्हाइकं येतात, बसण्यापूर्वी ती आपल्याकडे फिरवून घेतात, चहा पितात, मशीनची गोष्ट सांगतात. ती गेली की मी खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवते, आणि मगच भट्टी पेटवते.