परिपाठात फोडलेली गोष्ट

पोट दुखतंय म्हणून रोज दारात येणाऱ्या पोरीला तुम्ही काय देता, गोळी की वेळ?

पाथर्डीकडच्या एका निवासी शाळेतल्या जया सिस्टर वेळ द्यायच्या. सृष्टीचे आईबाप ऊसतोडीला गेलेले. बरेच दिवस नुसती पोट धरून बसल्यावर पोरगी एकदाची बोलली, "सिस्टर, मला जगूच वाटंना."

जयाबाईंनी तिला जवळ घेतलं, आईला फोन लावून दिला. मग मुख्याध्यापकांना एकट्याला गाठून सांगितलं, कारण समुपदेशक बाईंना बोलवायचं त्यांच्याच हातात होतं.

सरांनी दुसऱ्या दिवशी परिपाठात, सुविचार झाल्या झाल्या, सृष्टीला सगळ्या शाळेपुढं उभं केलं. "हिला जीव नकोसा झालाय म्हणे. हसवा रे हिला." पोरं हसली. सृष्टीनं फक्त सिस्टरकडं बघितलं.

"सर, भरवशानं सांगितलं हुतं तुमाला."

"अहो सिस्टर, तिच्या भल्यासाठीच केलं की."

समुपदेशक बाईंना शेवटी जयाबाईंनीच सरांच्या मागं लागून आणलं. पण सृष्टी आता सिस्टरांच्या खोलीकडं फिरकत नाही. मग जयाबाईच रोज मधल्या सुट्टीत तिच्याशेजारी जाऊन बसतात. पोरगी मान वर करत नाही.

तुमच्यापाशी एखादं लेकरू असं बोललं, तर त्याच्यासाठी जाणतं माणूस जरूर बोलवा. त्याची गोष्ट तेवढी चव्हाट्यावर मांडू नका.