डाव्या टाचेची खोड

गोल्फ! आमच्या उंद्रीत! जिथं पोरांना क्रिकेट खेळायचं तर सोयाबीन निघालेलं रिकामं वावर शोधावं लागतं, तिथं माझ्या मोठ्या भावानं कापसाच्या टिनाच्या शेडमध्ये गोल्फ आणून उभं केलं. बाबांचं वर्षश्राद्ध करायला तो अमेरिकेहून आला होता, आणि ऑफिसचं काम घरूनच करायची मुभा मिळाली म्हणून हिवाळाभर राहिला. तिकडं त्याला या खेळाचा नाद लागलेला. मग पुण्याहून खोकी आली. त्यातून जाळी निघाली, पांढरा पडदा निघाला, हिरवी चटई, प्रोजेक्टर आणि चेंडूचा वेग मोजणारी एक डबी. चेंडू इथं पडद्यावर हाणायचा, आणि तो परदेशातल्या हिरवळीवर जाऊन पडताना बघायचा. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते हेच.

मला रागच आला होता. शेडमध्ये बाबांची बाज होती, त्यांची कुऱ्हाड कोपऱ्यात टेकलेली होती. ते गेल्यापासून तिथली एक वस्तू मी हलवली नव्हती. दादानं एका सकाळी सगळं उचलून गुरांच्या कोठ्यात नेऊन ठेवलं. विचारलं सुद्धा नाही. मी पण तोंड फुगवून बसलो.

शेवटी तोच आला. “अबे, तुले कॅमेऱ्याचं समजते ना? मंग ये ना जरा.”

चिखलीत माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. धान्याचे व्यापारी, सराफ, मंगल कार्यालयं, सगळीकडं मीच लावलेले डोळे. दादाला दोन हायस्पीड कॅमेरे जोडायचे होते. एक समोरून बघणारा, एक मागून. चेंडू मारताना अंगाची जी हालचाल होते ती निमिषभराची. साध्या डोळ्याला नुसतं ‘फाट’ एवढंच कळतं. हे कॅमेरे ती हालचाल पकडतात, मग ती पडद्यावर सावकाश बघायची आणि चुका काढायच्या. मनात म्हटलं, कर बापा, चुका काढायला तुला एवढंच बाकी होतं.

काम मात्र सोपं नव्हतं. आधी एकच कॅमेरा दिसे, दुसरा काही केल्या दिसेना. मी केबली बदलून दमलो. दोन्ही कॅमेरे एकाच जोडणीवर ओढाताण करून राह्यले, हे दादाच्या ध्यानात आलं. त्यानं दोघांना वेगवेगळी जागा दिली. मग चित्र आलं, पण त्यावर काळे पट्टे सरकायला लागले. घोडं पेंड खात होतं ते ट्यूबलाइटपाशी. आपली लाइनीची वीज सारखी लुकलुकत असते, आपल्याला दिसत नाही, पण इतक्या वेगानं बघणाऱ्या कॅमेऱ्याला दिसते. मी दुकानातून बॅटरीवर चालणारे दिवे आणले आणि दोन्ही बाजूंनी बांधले. पट्टे गेले. “जमलं बे!” म्हणून दादानं माझ्या पाठीवर थाप मारली, तेव्हा माझा राग कुठं गेला ते मलाच कळलं नाही. दादा सातवीनंतर वसतिगृहात गेला तो गेलाच, पुढं घरी यायचा तो पाहुण्यासारखा. केबल धरून असं शेजारी शेजारी उकिडवं बसायची आमची ती पहिलीच वेळ असेल.

माय चहा घेऊन आली तेव्हा दादानं पहिला फटका मारला. मी ते चित्र पडद्यावर सावकाश सोडलं.

दोन्ही हात उजव्या खांद्यामागं गेले. तिथं जरासे थांबले. डावी टाच जमिनीवरून उचलली गेली, खालचा ओठ एका बाजूनं दातांत गेला, आणि टाच टेकता टेकता सगळं अंग खाली आलं.

माझ्या हातातला माउस तसाच राहिला. हे मी पाह्यलेलं होतं. वावराच्या धुऱ्यावर पडलेली बाभूळ फोडताना बाबा असेच थांबायचे. कुऱ्हाड खांद्यामागं, टाच वर, ओठ दातांत. लहानपणी मी ढलप्या गोळा करायला समोर बसायचो आणि टाच कधी उचलते त्याची वाट बघायचो.

मी मायकडं पाहिलं. तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

हे सांगितल्याशिवाय कळायचं नाही. बाबा फाटकातून आत आले की मायचा हात आपोआप पदराकडं जायचा. भांडण चालू असलं तरी. म्हणजे आधी पदर घ्यायची, मग भांडायची. बाबा गेले आणि तिचा पदर खांद्यावरच राहायला लागला. त्या दिवशी पडद्याकडं बघत ती पदर घेऊन उभी होती, आणि आपण तो घेतलाय हे तिलाही ठाऊक नव्हतं. चहा ठेवला आणि गेली.

बाबांचा व्हिडिओ आमच्याकडं एकही नाही. अंगणात मी हौसेनं कॅमेरा लावला होता, तर म्हणाले, “मी काय चोर आहो का बे?” दुसऱ्या दिवशी त्यावर त्यांचा दुपट्टा. मी काढायचो, ते पुन्हा टाकायचे. ताठ बसलेले, डोळे वटारलेले चार फोटो आहेत, बस. अर्धी चिखली माझ्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, माझा बाप नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथं तर माणूस जाऊनही खोड राहिली होती, आणि ज्याच्यात राहिली त्याला तिचा पत्ता नव्हता.

दादाचा एक कोच होता, तिकडचा. त्याला ते चित्र पाठवलं तर त्यानं पहिली चूक काढली ती हीच. टाच उचलायची नाही, वर थांबायचं नाही. दादा लागला कामाला. जेवणानंतर, मीटिंग संपली की, टाच दाबून फटके. आणि माय, जिला एरवी दुसऱ्यांदा चहा मागितला तर चार गोष्टी ऐकाव्या लागत, ती दरवेळी कप घेऊन हजर. दाराशी उभी राहायची, सावकाश चालणारं चित्र बघायची. टाच रोज थोडी कमी उचलत होती. मी बघत होतो. एक दिवस टाच हललीच नाही. मायनं कप ठेवला. पदर खांद्यावरच होता. त्यानंतर चहा बंद झाला.

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. “काऊन मोडून राह्यला तू ते?” मी ओरडलोच. “ते बाबाचं आहे! बाबाच दिसत होते ना बे त्याच्यात!”

मी सगळं सांगितलं. बाभूळ, ढलप्या, मायचा पदर. दादा बाजेवर बसावं तसा चटईवर बसला.

“बाबा लाकडं कसे फोडत,” तो म्हणाला, “मले आठवतच नाही रे. मी होतोच कुठं.”

मला वाटलं होतं, मी एकटाच बाबांसाठी झुरून राह्यलो. त्याच्याजवळ तर झुरायला आठवण पण नव्हती.

तो उठला आणि पुन्हा ते करायला लागला. “असं का? असं?” मी सांगत होतो, तो करत होता. पण टाच उचलली तर हात थांबेनात. हात थांबले तर ओठ असा जाई की कुणी नक्कल करतंय वाटावं. मायला बोलावलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “चांगलं आहे. दमला असशीन, जेवून घे.” दादानं गोल्फची काठी जाळीला टेकवली. त्याचे डोळे भरून आले होते.

आमच्याकडचं जुनं रेकॉर्डिंग नव्या फटक्यांनी केव्हाच पुसलं गेलं होतं. तेवढ्यात मला सुचलं. “कोचनं चुका दाखवून पाठवलेलं पहिलं चित्र?”

दादानं मेल शोधला. होतं. पण टाचेभोवती भलं मोठं लाल कडं, कमरेवर लाल रेघ. ते काही पुसता येईना. मी तसंच पडद्यावर सोडलं. हात मागं गेले, थांबले. टाच उचलली.

माय पडद्याच्या अगदी जवळ गेली. “हे लाल काय आहे रे?”

“चूक दाखवली आहे माय,” दादा हळूच म्हणाला. “तिथं चुकते म्हणते तो.”

माय भडकली. “त्यायची चूक काढनारा हा कोन?” असं म्हणून तिनं डोक्यावर पदर घेतला.