मूठभर जवारीतलं फ्रान्स
रॉकेलचा वास आला की मला वडवणीचा बाजार आठवतो. मोठ्या लढाईचे दिवस होते. बाप गोऱ्यांच्या पलटणीची खेचरं हाकायला फ्रान्सला गेला होता आणि वर्षभर त्याची काही खबर नव्हती. बाजारात एक चित्रवाला लाकडी खोकं मांडून बसला होता. “मूठभर जवारी, फ्रान्स की सवारी!” तो ओरडला आणि आई जागीच थबकली. तिच्या पदरात रातच्या भाकरीपुरती जवारी होती. त्यातल्या दोन मुठी देऊन तिनं मला आणि धाकट्या भावाला खोक्याच्या काचांना डोळे लावून बसवलं. चित्रवाल्यानं वरून रॉकेलचा वास मारणारं काळं फडकं टाकलं. आत उंच उंच घरं होती, नदी होती, पूल होता. “नीट बगा रं. कुटं बाप दिसतो का?” आई बाहेरून विचारत होती. “न्हाई गं,” आम्ही म्हणालो. तशी तिनं उरलेली जवारी त्याच्या टोपलीत ओतली आणि स्वतः फडक्याखाली शिरली. “अब बस करो, माँ,” असं तो म्हणेस्तोवर ती हलली नाही. बाहेर आली ती डोळे पुसतच. “हाय की! पुलावर हुबा हाय. जरा वाळलाय.” त्या दिवशी चूल पेटली नाही, तरी आम्ही दोघं नाचत होतो. बाप परत आलाच नाही. पुढं लोक कुंकू पुसायला सांगायचे, तर आई म्हणायची, “म्या डोळ्यानं बगितलंय त्यांला.” आता मीही म्हातारी झाले, पण ते चित्र अजून जसंच्या तसं दिसतं. त्या पुलावर कुणीच नव्हतं.