योजनेत बसत नसंल तर उभ्यानं न्या

किशनराव गेल्याची बातमी मला सुमनवहिनींनी स्वतः फोन करून दिली. दुपारची वेळ होती. मी लातूरला घरी जेवण उरकून अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. फोनवर किशनरावांचं नाव दिसलं, म्हणून उचलल्या उचलल्या मी म्हणालो, "बोला डायवर!" पलीकडून थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग एकेक शब्द जपून ठेवावा तसा आवाज आला, "मास्तर... मी सुमन. हे... गेले." दुःख झालंच, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी क्षणभर मनात आलं की वहिनी किती स्पष्ट बोलल्या! वर्षभरापूर्वी या बाईच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. तो आवाज किशनरावांनी खटपट करून परत आणला होता, आणि ते गेल्याचं सांगायलाही तोच कामी आला. हे त्यांना कळलं असतं, तर मांडीवर थाप मारून हसले असते.

किशन गायकवाड एसटीत ड्रायव्हर होते आणि मी कंडक्टर. निलंगा–नांदेड गाडीवर आम्ही कित्येक वर्षं जोडीनं काढली. आमच्याकडे ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो, तो निवृत्त झाला तरी मास्तरच राहतो. सकाळी डेपोत भेट झाली की "जयभीम मास्तर, आज पाऊस न्हाई, पंक्चर न्हाई, आन् तुमचं तोंड का उतरलंय?" अशी त्यांची सुरुवात असायची. गाडी चालवताना त्यांना गप्प बसवणं कुणाला जमलं नाही. रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिच्याशीही दोन शब्द बोलून पुढे जायचे. मात्र एक गोष्ट होती... म्हातारं माणूस चढत असलं की ते इंजिनाचा आवाजसुद्धा हळू करायचे, आणि ते नीट बसल्याची खूण मी केल्याशिवाय गिअर टाकायचे नाहीत. मागून कुणी ओरडलं तर आरशात बघून म्हणायचे, "तुमी बी म्हातारे हुणारच हाव, जरा दम धरा."

निवृत्तीनंतर मी लातूरला राहिलो, त्यांनी निलंग्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. मुलगा पुण्याला कंपनीत. नवरा-बायको दोघंच असायचे, मजेत होते. सत्तरी ओलांडल्यावर दोघांचं सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड निघालं, तेव्हा किशनरावांनी ते मला फोनवर वाचून दाखवलं होतं. "मास्तर, आता आजारी पडायला हरकत न्हाई," म्हणाले. त्यानंतर काही महिन्यांतच, उन्हाळ्यात एका सकाळी, भाकरी थापता थापता वहिनींना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकदम गेलं.

लातूरच्या एका दवाखान्यात त्यांना आणलं. कार्ड दाखवलं, अंगठा लावला, आणि उपचार सुरू झाले. औषध, तपासण्या, खाट, सगळं कार्डावर. मी रोज डबा घेऊन जायचो. किशनराव काळजीत होतेच, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला कार्ड दाखवून सांगायचे, "सरकारनं जावयावानी ठेवलंय बगा आमाला!" वहिनी शुद्धीवर आल्या, धोका टळला, नाकातली नळी निघाली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आता खरं काम घरी आहे. रोज व्यायाम करून घ्यायचा, दर थोड्या वेळानं कूस बदलायची, बोलायचा सराव द्यायचा. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, ते वाया गेले तर हातपाय आखडून जातील. किशनराव लगेच कार्ड घेऊन खाली खिडकीवर गेले. तिथल्या मुलीला म्हणाले, "बाई, व्यायामवाली घरी यायला पायजे. हे कार्ड तिला दाखवू का तुमाला?" ती म्हणाली, "आजोबा, घरी कार्ड चालत नाही. पेशंट ॲडमिट असेल तरच." घरी गेल्यावर काही दिवसांची औषधं तेवढी मिळतील, असंही तिनं सांगितलं. किशनराव विचारात पडले. "मतलब पेशंट तोच, दुखणं तेच. खाट बदलली की कार्ड बंद?" मुलगी बिचारी हसली. नियम तिनं थोडाच केला होता.

मुलगा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, दोघं माझ्याकडे चला, नाहीतर आईला एखाद्या सांभाळणाऱ्या संस्थेत ठेवू. मुलगा चांगला आहे, त्यानं मनापासून विचारलं होतं. किशनरावांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी चालता असलेला डावा हात उचलून जोरजोरात हलवला. तेवढं पुरे होतं. "ती न्हाई म्हणायलीय," किशनराव मुलाला म्हणाले, "आन् ती एकदा न्हाई म्हणली की तुझ्या बापाची गाडी बी फुडं जात न्हाई."

मग निलंग्याच्या त्या घरात ज्या माणसानं जन्मात चहा केला नव्हता त्याचा स्वयंपाक सुरू झाला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी केलेलं वरण खाल्लं. वहिनींनी एक घास घेऊन डोळे मिटले. किशनराव म्हणाले, "बगा, किती आवडलं!" वहिनींच्या डोळ्यातून पाणी आलं ते हसण्याचं होतं. पण तो महिना वाईट गेला. पाठीच्या एका जागी कातडी लाल झाली, किशनरावांना त्याचा अर्थ कळला नाही, आणि तिथे जखम झाली. पुन्हा लातूर, पुन्हा तोच दवाखाना. आणि पुन्हा कार्ड चालू! जखम साफ करणं, इंजेक्शनं, राहणं, सगळं फुकट. डॉक्टर म्हणाले, एका कुशीवर फार वेळ पडून राहिल्यानं होतं हे, घरी कुणी शिकवलेलं माणूस येऊन गेलं असतं तर टळलं असतं. किशनराव त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर माझ्याशेजारी बसले. कार्ड खिशात घालत म्हणाले, "मास्तर, जखम झाल्यावर कार्ड चालतं. जखम हू नये म्हणून चालत न्हाई. हे कुणाला तरी इचारलं पायजे का न्हाई?"

विचारायची संधी लवकरच आली. निलंग्यातच तालुक्याचा सरकारी आरोग्य मेळावा होता. मांडव, खुर्च्या, माईक, सगळा थाट. शेजारणीला वहिनींजवळ बसवून किशनराव मला घेऊन गेले. कार्डाचे फायदे सांगून झाल्यावर मंचावरच्या साहेबांनी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं, आणि हे उभे राहिले. जखमेची गोष्ट त्यांनी सरळ सांगितली, आवाज न चढवता. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे. पण घरची सेवा योजनेत बसत नाही." किशनराव म्हणाले, "साहेब, बसत नसंल तर उभ्यानं न्या की! आमच्या यष्टीत शिटा भरल्या म्हणून आमी म्हातारं माणूस खाली ठेवलं न्हाई कधी." मांडव हसून हसून हलला. साहेबही हसले. पण पहिल्या रांगेत बसलेल्या तालुक्याच्या डॉक्टरीण बाई हसल्या नाहीत. त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मेळावा संपल्यावर त्यांनी किशनरावांना बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "विम्यातून होणार नाही, ते माझ्या हातात नाही. पण म्हाताऱ्या माणसांसाठी सरकारचा दुसरा कार्यक्रम आहे, त्यात अंथरुणावरच्या पेशंटला घरी जाऊन बघायची सोय आहे. सध्या माणूस नाही आणि गाडी नाही. मी प्रयत्न करते."

प्रयत्न करते म्हणजे काय, ते आम्हा सरकारी नोकरांना चांगलं माहीत. पण किशनराव दर आठवड्याला त्यांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसू लागले. तक्रार नाही, अर्ज नाही. येणाऱ्या पेशंटांशी गप्पा मारायच्या, शिपायाला गाडीच्या गोष्टी सांगायच्या, आणि बाई दिसल्या की फक्त "जयभीम मॅडम, मी आपला इकडून चाललो होतो" असं म्हणायचं. सगळ्यांना कळत होतं की इकडून कुठे जायला रस्ताच नाही. शेवटी एक दिवस बाईंनीच हात जोडले, "बाबा, बुधवारपासून मुलगी पाठवते."

ती मुलगी म्हणजे प्राजक्ता. सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, नवीनच नोकरीला लागलेली, स्कूटीवरून यायची. आठवड्यातून एकच वार तिला जमायचं. पहिल्या दिवशी तिनं वहिनींचा हात कसा उचलायचा, कूस बदलताना आपली कंबर कशी सांभाळायची, उशी कुठे घालायची, हे सगळं दाखवलं. किशनरावांनी ते गाडी शिकताना शिकले असतील तसं शिकून घेतलं, शंभर प्रश्न विचारून. बाकीचे दिवस जिम्मा त्यांचा. बोलण्याच्या सरावासाठी तिनं फळांची, भाज्यांची नावं म्हणवून घ्यायला सांगितलं होतं. किशनरावांना ते काही रुचलं नाही. ते वहिनींना आमच्या गाडीचे थांबे म्हणायला लावायचे. आपण "निलंगा" म्हणायचे आणि वाट बघायचे. मग "शिरूर." मग "चाकूर." वहिनी नुसते ओठ हलवायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ ही गाडी निघायची आणि नांदेडला एकटेच किशनराव पोचायचे. एका रविवारी मी तिथेच होतो. गाडी अहमदपूरला आली होती. "म्हण, अहमदपूर. अ... ह... अगं म्हण की, मागं गाड्या खोळंबल्यात!" असं त्यांनी चारपाचदा केलं. वहिनींचा चेहरा लाल झाला, मान ताठ झाली, आणि त्यांच्या तोंडून खणखणीत शब्द बाहेर पडला, "उतर!"

मग किशनराव खरोखरच खाटेवरून उतरले आणि अंगणात जाऊन शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागले, "बोलली! मला उतर म्हणली!" त्या दिवशी त्यांनी साऱ्या बोळाला चहा पाजला. स्वतः केलेला... तरी लोक प्याले.

त्यानंतर शब्द येत गेले, हळूहळू, कधी भलतेच. हात पूर्ण सुधारला नाही, पण दिवाळीपर्यंत वहिनी चार पायांची काठी धरून दारापर्यंत येऊ लागल्या. पाठीला पुन्हा जखम झाली नाही. किशनरावांना भेटायला माणसं यायची. कुणाचा बाप पडून आहे, कुणाची बायको. बहुतेक पुरुषच. "हे बायांचं काम हाय, आमाला कसं जमंल," म्हणायचे. किशनराव त्यांना वहिनींच्या समोर बसवून कूस बदलायला शिकवायचे, आणि चुकलं की वहिनी डाव्या हातानं शिकणाऱ्याच्या पाठीत धपाटा घालायच्या. विम्याचं मात्र जिथल्या तिथेच होतं. मेळाव्यातल्या साहेबांना त्यांनी दोन वेळा पुन्हा गाठलं. वर कळवलंय, असं उत्तर आलं. "वर कळवलंय मतलब निदान वर तरी माहीत हाय," म्हणायचे. त्यांच्यातला हा आशावाद मला कधी कधी त्रास द्यायचा, इतका तो खरा होता.

ते गेले तेही असेच, कुणाला तसदी न देता. वहिनींना आंघोळ घातली, जेवू घातलं, वेणी घातली. वेणी त्यांना आता बरी जमत होती. मग दारातल्या खुर्चीत टेकले आणि तिथेच हृदय थांबलं. वहिनी काठी धरून उठल्या, जवळ गेल्या, आणि कळल्यावर परत येऊन त्यांनी फोन हातात घेतला. मला फोन लावायचा हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला घर भरलं होतं. त्रिसरण-पंचशील झालं, माणसं बोलली, आणि बोलणाऱ्या प्रत्येकाला मध्येच हसू आलं. मुलानं पुन्हा विचारलं, "आई, आता तरी चल." वहिनी म्हणाल्या, "बुधवार... हाय." मुलाला समजलं नाही, मला समजलं. प्राजक्ता बुधवारी यायची. मुलगा आता पंधरा दिवसांनी येऊन जातो, आणि शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ बघते.

परवाच्या बुधवारी मी मुद्दाम निलंग्याला गेलो. प्राजक्ताचं काम झाल्यावर वहिनी तिला म्हणाल्या, "चल... राहीबाईकडं." बोळाच्या टोकाला राहणाऱ्या या राहीबाईंना महिन्यापूर्वी लकवा मारलाय, आणि त्या कुणाला हात लावू देत नाहीत. प्राजक्ता दोनदा जाऊन परत आली होती. आम्ही निघालो. वहिनी काठी टेकत पुढे, प्राजक्ता स्कूटी ढकलत त्यांच्या बाजूला, मी मागे. एवढ्याशा बोळाला आम्हाला बराच वेळ लागला, कारण वाटेत प्रत्येक दाराशी वहिनींना काही ना काही बोलायचं होतं. राहीबाईंनी आम्हाला बघून तोंड भिंतीकडे फिरवलं. वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. दम खाल्ला. मग राहीबाईंचा आखडलेला हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला बी... बोलता येत न्हवतं. आता... भांडता येतं."

राहीबाईंनी तोंड वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हात काढून घेतला नाही. प्राजक्ता पुढे झाली, आणि वहिनी तिला म्हणाल्या, "हळू घे... अगुदर उशी."